उरलेले अकरा सेकंद

घंटा माझ्याकडे होती,
शाळा बंद पडली तेव्हा मीच उचलून आणलेली, पितळेची.
सेंट जॉन्सच्या विद्यापीठातून मिनीबसने आलेली सहा पोरं
आमच्या बंदरावरच्या चर्चच्या हॉलमध्ये
चार-चार वर्षांचं काम
तीन-तीन मिनिटांत सांगणार होती.
पडद्यावर एकच चित्र. हातात कागद नाही.
पोस्टात तीस वर्षं काढलेल्या बाईला
वेळेचं कळतं, असं कुणाला तरी वाटलं.

पहिला घानाचा, क्वाबेना.
मीठ पुलाच्या पोटात कसं शिरतं ते सांगताना
त्यानं खिशातून काँक्रीटचा तुकडा काढला
आणि अंगठ्यानं चुरडला.
पुढच्या रांगेतली मुलं भुगा बघायला उभी राहिली.
'तेव्हा सांगायचं एवढंच की—'
मला घंटा वाजवावी लागली.
सांगायचं ते तो तसंच बसमधून परत घेऊन गेला.

दुसरीचं मला काही कळलं नाही.
पण 'कदाचित' हा शब्द ती जपून उच्चारत होती,
काठोकाठ भरलेला कप नेतात तसा.

मग रोवीना पिनसेंट.
ही आमचीच. धक्क्यापलीकडच्या पिवळ्या घरातली,
सेल्बीची धाकटी.
पडद्यावर नखाएवढी पांढरी चकती,
मोठी करून भिंतभर:
कॉडच्या कानातला खडा.
'झाडासारखी यात वर्षं मोजता येतात.
खायला मिळालं तर वलय रुंद, नाही तर बारीक.
मासे तुम्ही विकलेत, डोकी फेकलीत.
मी डोकी मागत दारोदार फिरले.'
'माझ्याकडून चाळीस नेलीस!' कुणीतरी ओरडलं.
हॉल हसला. ती नाही हसली.

'हा खडा मात्र डोक्यातून नाही मिळाला.
होड्या कायमच्या ओढून ठेवल्या, त्या मोसमातला हा.
बाबा शकुनाचा म्हणून खिशात बाळगायचे.
वाचायचा तर कापावा लागतो.
मी कापला.
विचारलं नव्हतं.'

आणि थांबली.
घड्याळात अकरा सेकंद शिल्लक.
मागच्या भिंतीशी सेल्बी, गुडघ्यावर टोपी.
अकरा सेकंद किती लांब असतात
हे मला पोस्टात कधी कळलं नव्हतं.
हीटर तेवढा टकटक करत होता.

मी घंटा वाजवली. काय करणार.

प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम होता.
'कितीचा होता?' सेल्बीनं विचारलं.
'नऊ.'
'मला वाटायचं, बराच म्हातारा असेल.'

बक्षीस 'कदाचित'वालीला गेलं.

नंतर सूपच्या रांगेत
सेल्बीनं लेकीपुढे तळहात धरला.
तिनं कागदाच्या पुडीतून दोन अर्धुकं काढून ठेवली.
त्यानं ती दिव्याखाली नेली,
जोडून पाहिली, फिरवून पुन्हा जोडली.
करवतीच्या पात्याएवढं
मधलं काहीतरी
नव्हतं.