पाण्याचा दिवस

पाडवा होऊन चार दिवस झाले.
दाराचा कडुनिंब वाळून कडक,
हात लावला की चुरा.
सोमवारी सकाळी आठलाच
गच्चीची फरशी पायाला म्हणाली,
चप्पल घाल.

बावीस कुंड्या, रंगाचे चार डबे,
आणि एक तडकलेला माठ, त्यात पुदिना.
टोमॅटोची फुलं देठासकट गळालेली.
पोस्टात दिवसभर तिकिटं मोजते मी,
मोजायची खोड आहे.
एकोणीस.

मंगळवारी दोडक्याच्या शेंड्यावर मावा.
साबणाचं पाणी मारलं,
पुरेसं वाटेना म्हणून आणखी मारलं,
मग नुसता राग आला म्हणून मारलं.
बुधवारी पानं इस्त्री फिरल्यासारखी.

संध्याकाळी घरी न जाता विडी घरकुलाकडे वळले.
तिथे शाळेमागच्या पडीक जागेत
अकरा बायका वाफे करतात.
अंबाडी, चुका, गवार, टोमॅटो,
कुंपणाला लूमवरच्या तुटक्या सुताच्या गाठी,
लाल, हिरव्या, मोरपंखी.
नरसम्मा पेनगोंडा सगळ्यांत जुनी.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
बोटं विड्या वळतायत, नजर वाफ्यावर.
"रा अम्मा, कूर्चो," म्हणाली. मी बसले.
रुमालातलं पान पुढे केलं.

"साबण किती घातलास?"
"अंदाजे."
"अंदाज तुझा, अंग पानाचं."

मग तंबाखूच्या चुऱ्याची पुडी दिली.
रात्रभर भिजव, फडक्यातनं गाळ,
दोडक्याला मार, फळ धरलं की बंद.
"पण टोमॅटोला लावशील तर बघ.
तंबाखू न् टोमॅटो एकाच कुळातले.
भाऊबंदांचा रोग भाऊबंदांना आधी लागतो."
सगळ्या बायका हसल्या.
कुणावरून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फुलं का गळतात, तेही विचारलं.
चटणी कुटणारी कल्लव्वा म्हणाली,
"तुला ह्या उन्हात उभं केलं तर तू काय करशील?"
आणि शेंगांच्या टरफलांचं अर्धं पोतं
माझ्या स्कूटरवर ठेवून दिलं.
सावलीला कुणीतरी सेकंडची चादर दिली,
अर्धाच मोर असलेली.

गुरुवारी पाण्याचा पाचवा दिवस.
रात्री अडीचला नळ आधी खोकला,
मग गल्लीभर मोटारी, बादल्या,
"सोड रे", "अगं भरलं, भरलं".
पूर्वी मी पिंप भरायच्या आत
कुंड्यांना लोटून द्यायचे, पाच दिवसांचं एकदम,
जसं परगावी शिकणाऱ्या पोराला
आल्याबरोबर जेवायला वाढावं.
या खेपेला बोट खुपसलं मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
वर कोरडी, खाली ओल होती.
बावीसपैकी चौदा कुंड्यांना
तहानच नव्हती.
टरफलं पसरली. शेंगदाण्याचा वास
पहाटेपर्यंत हाताला.

शुक्रवारी काही केलं नाही.
गच्चीवर गेले, अर्ध्या मोराखाली उभी राहिले, खाली आले.
न करणं हे काम आहे
हे कुठल्या वहीत लिहायचं?

शनिवारी मावा निम्मा. मुंग्या तशाच.
टोमॅटोची फुलं चार गळाली,
बाकीची मोजली नाहीत.

रविवारी पुदिन्याची जुडी घेऊन गेले.
नरसम्माने दुरूनच वास घेतला, हात पुढे केला नाही.
"तिकडं ठेव, वाफ्यापासनं लांब. आत्ताच वळायची उठलेय."
तिच्या टोमॅटोला घोस लगडलेले,
तिची नात तेजू एकेक तोडत होती.
"तुम्ही नाही तोडत?"
"पस्तीस वर्षं विड्या वळते. बोटांत तंबाखू मुरलाय.
धुतलं तरी मला भरवसा नाय.
लावते मी. पाणी पायानं वळवते.
हात तेजूचा."

तेजूने एक टोमॅटो माझ्या तळहातावर ठेवला,
उन्हाने गरम, देठाशी अजून हिरवा.
नरसम्मा दोन्ही हात पाठीमागे बांधून
वाफ्यावर वाकली,
एकेका पानाखाली डोकावत,
आणि नाक इतकं जवळ नेलं
की पान हललं.