चार बोटं मागे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, कूलरच्या वाऱ्यावर
चौदा फुटी होडी घडली.
लोक विचारायचे: बडोद्यात? मगरींसाठी का?
मी म्हणायचे, खंभातच्या आखातासाठी,
जिथे ओहोटीला पाणी मैलभर निघून जातं
आणि होडीला चिखलात बसून राहता आलं पाहिजे,
न कलंडता, म्हशीसारखं.
म्हणून बूड सपाट. म्हणून मधली पाती
दोरीनं वर ओढून घ्यायची,
आडातून पोहरा ओढावा तशी.

कागदावर सगळं जमलं होतं.
डोलकाठीची जागा मी तीनदा मोजली.
कासमभाईनं मोजली नाही. टंकारीचा माणूस,
नाळेपाशी उकिडवा बसला, एक डोळा मिटला:
'चार आंगळ पाछळ, बेन.'
मी त्याला आकडे दाखवले.
त्यानं भोक पाडलं. आकड्यांच्या जागी.

रविवारी आजव्याला शीड भरलं.
आडव्या वाऱ्यात पळाली, खरंच पळाली,
खालून टराटरा कापड फाडल्याचा आवाज.
मग वाऱ्याकडे वळवली
आणि सुकाणू सोडून पाहिलं.

चांगली होडी, हात सुटला की,
वाऱ्याकडे तोंड करते, थांबते,
वाट बघते.
ही पाठ फिरवून निघाली
थेट काठच्या बाभळींत.

कासमभाई बिडी ओढत बघत होता.
काट्यांतून शीड सोडवताना बोलला नाही,
होडी टेम्पोवर बांधतानाही नाही.
हालोल रस्ता लागल्यावर एवढंच विचारलं:
जुनं भोक कशानं बुजवू,
सागानं, की बाभळीनं?