चार भोकं

हातावर निळं उठायचं, मांडीवर जांभळं,
नुसतं टेबल लागलं तरी.
शिवडीच्या चाळीत बायका
माझ्याऐवजी दिगूकडे बघायच्या.
तो मान खाली घालून नळावर जायचा.

परळला कात्रकबाईंनी सांगितलं :
तुमची पाणथरीच खातेय रक्तातल्या प्लेटलेट्स.
मी म्हटलं, म्हणजे मारणारं घरातलंच निघालं.
त्या हसल्या नाहीत.

आधी लशी टोचल्या. मग पोटात हवा भरून,
दुर्बिणीतून बघत बघत
पिशवीत घातली, आतल्या आत कुस्करली,
आणि काढली म्हणे बेंबीशेजारून.
दुखला मात्र खांदा. दोन दिवस. खांदा!
उरलेली हवा म्हणे तिथं दुखते.

पंधरा वर्षं काजं-बटणं करतेय मी, डझनावर.
पट्टी निघाली तेव्हा बोटानं मोजली : चार भोकं,
शर्टाच्या बटणाला असतात तेवढीच.
टाका बरा आहे, म्हटलं बाईंना,
जरा सैल चालला असता.
या वेळी हसल्या.

परवा दाराची कडी लागली कोपराला.
रात्री दिगूनं दोनदा टॉर्च मारून बघितलं.
काही उठलं नाही.
सकाळी नळावर गेला तो
हंडा भरून वाहायला लागला तरी तिथंच,
बायकांशी बोलत, उगाचच.