फांदी मीच तोडली होती

कणकुंबीच्या वळणावर तारेला घासत होती म्हणून.
लाइनमनचं काम ते. कोयता चालवायचा,
खाली बघायचं नाही.

बघितलं. किंदळाच्या सालीला धरून
चार पानं, आणि राखाडी, करंगळीएवढी मुळं.
जंगल खात्याच्या पोरानं लांबलचक नाव सांगितलं.
मी विसरलो. "आता दिसत नाही कुठं,"
एवढं ध्यानात राहिलं.

मातीत घातली की मरते ती,
हे वडगावात दुसऱ्या महिन्यात कळलं, एक मूळ कुजल्यावर.
मग खानापुरी कौलाचा तुकडा, लोणारी कोळसा, नारळाची शेंडी.
न्हाणीच्या खिडकीत तारेनं टांगली.
तांब्याची नको, भाजते म्हणे. ॲल्युमिनियमची.
तार बांधायला तेवढी येते मला.

नळाला पाणी आठव्या दिवशी.
एक घागर तिच्या नावची, रात्रभर उघडी.
सकाळी शिंपडलं की मुळं हिरवी होतात,
वाळली की परत राखाडी.

शेजारची नीलव्वा मागावरून उठून विचारते,
"हूव बंतेन्री?"
"इल्ल. अजून नाही की."
तीन वर्षं हेच बोलणं.

यंदा वैशाखात पानाच्या काखेतून दांडी आली.
मी मुळंच मोजत बसलो होतो.
नीलव्वानं चप्पल बाहेर काढली,
आत आली,
काही विचारलं नाही.

काल रात्री लाइट गेली. तिचा माग थांबला.
कुठंतरी फांदी तारेवर आली असणार,
कुणी पोरगं चढलं असणार कोयता घेऊन.
मी उठून अंधारात चाचपलं.
आहे.