भाता ओढणाऱ्यांची नावे

कामठीच्या छावणीतून तो उमरेडच्या पुढे, इकडे आला
तेव्हा मी नव्हतो. बाप होता, बारा वर्षांचा.
गोरी पलटण निघून गेलेली, देवळात वटवाघळं.
खडूने आकडे घातलेल्या नळ्या
जिनिंगवाल्या कादरभाईंच्या रुईत गुंडाळून
सात बंड्या, तीन रात्री.
सगळ्यांत लांब नळी बांबूंवर बांधलेली;
वाटेतली माणसं थांबून हात जोडत.
‘कोन गेलं बाप्पा?’
फिलीप पाद्री म्हणाले, ‘गेलं नाही. येऊन राह्यलं.’

भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं.
ऑर्गनचा मिस्त्री आणायचा कुठून?
झिंगराजी लोहाराने आत डोकं घातलं
ते बराच वेळ काढलंच नाही.
‘माह्याच भात्याचा मोठा भाऊ हाये.
याले इस्तो लागत नाही, येवढंच.’
शेळीचं कातडं, एरंडीचं तेल, चौदा दिवस.

सालोमीबाई वाजवायला बसल्या.
सगळे सूर लागले, एक सोडून.
त्याच्या घशात रुई अडकली होती;
तार घातली, फुंकलं, निघाली नाही.
अजूनही गीतात तो सूर आला की
मंडळी तेवढाच जरा मोठ्याने म्हणते.
लेकरांना वाटतं, चालच तशी आहे.

नवव्या वर्षी मी भात्यावर गेलो.
तिथून देऊळ दिसत नाही.
दोरीला टांगलेला शिशाचा गोळा दिसतो:
खाली आला की हवा भरली,
वर चढला की संपत आली.
बहिणीचं लग्न मी असंच पाहिलं,
गोळा खाली, गोळा वर.

आतल्या सागवानी फळीवर पेन्सिलीने, इंग्रजीत:
टॉमस हर्ली. जून. भयंकर उकाडा.
त्याखाली दुसरं अक्षर, तिसरं.
मग बापाचं नाव, मोशे, त्यातला श उलटा.
मग माझं.

आता मोटर आहे. पण लाइन जाते,
नाताळच्या रात्रीसुद्धा जाते,
आणि सूर खाली बसत जातो,
चिखलात बैल बसावा तसा.
मंडळी माना वळवून माझ्याकडे बघते.
मी उठतो. गुडघे वाजतात.

यंदा माझ्याआधी अनुग्रहाची धाकटी पोहोचली होती,
दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत.
मी बाजूला स्टुलावर बसलो,
गोळ्याकडे बघत. सवय.
गीत संपल्यावर तिने पेन्सिल मागितली.
‘आबा, उकाडा कसा लिहितात?’
डिसेंबर होता.
तरी सांगितलं.