खलास

रुवीच्या टायपिंग सेंटरात दिवसभर मी
लोकांचे कागद इकडच्या भाषेतून तिकडे नेतो.
जन्म, लग्न, मृत्यू, वाहनपरवाना.
पानाला दीड रियाल, घाई असेल तर दोन,
आणि खाली शिक्का: भाषांतर मुळाबरहुकूम.

शेजारच्या टेबलावरची बुथैना
सध्या एकच गाणं लावते.
गाणारी असेल अठरा-एकोणीसची. गळा असा,
की नुकतंच रडून तोंड धुतलंय.
दर कडव्याच्या शेवटी म्हणते, खलास,
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

म्हटलं, हा शब्द आमच्याकडेही आहे.
गोळी लागली की माणूस खलास.
बाटली खलास. पगार वीस तारखेला खलास.
आणि कॉलेजच्या जिन्यावरून
एक निळी ओढणी उतरताना पाहिली तेव्हा
मित्राचा दंड धरून म्हणालो होतो,
मेलो रे, खलास!
बुथैना हसली.
म्हणजे तुमच्यात सुरुवातीलाच म्हणतात?

त्या गाण्यात एक ओळ आहे:
तुझ्या घराची किल्ली परत केली,
कडी ठेवून घेतली.
तीन दिवस आमचा यावर वाद.
बुथैनाच्या मते तिला परत यायचंय.
चहा आणणारा शिहाब म्हणाला, चांदीची असणार कडी.
मी म्हटलं, यमकासाठी असेल. पोरवयात
अर्थ कुठे असतो एवढा?

ऋजुता, माझी, दहावीतली,
गाडीत डॅशबोर्डवर पाय टाकून बसलेली.
तिला ओळ सांगितली, तर म्हणाली,
बाबा, तुम्ही लोक ना.
कडी तिचीच होती. आधीपासूनची.
त्याची किल्ली तिने
काही दिवस त्यात अडकवली होती, एवढंच.

वादी कबीरच्या उतारावर सिग्नल हिरवा झालेला.
मागच्याने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्यानेही.

आमच्या फ्रिजवर तीन वर्षं एक किल्ली पडून आहे.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून सुनीती
दोन महिन्यांसाठी सावंतवाडीला गेली त्या दिवसापासून.
विसरली, असं मी सगळ्यांना सांगत आलो.
धांदरट आहेच ती, पासपोर्टसुद्धा
लिफ्टपासून परत येऊन नेला होता.
नुसती किल्ली.
तिला लटकणारा लाकडी आंबा,
चितारआळीतला, रंग उडालेला, तो नाही.
हे मी रोज पाहत होतो,
दूध काढताना, दूध ठेवताना.
आणि पोट भरतो भाषांतरावर.

ऋजुता तेव्हा बारा वर्षांची होती.
तिला हे कधी कळलं, मी विचारलं नाही.

रात्री सुनीतीला लिहिलं: आंबा आहे का गं अजून?
दोन निळ्या खुणा.
बराच वेळ ती काहीतरी टाइप करत होती,
मग थांबली, मग पुन्हा.
मग एवढंच आलं:
आहे. भाचीला दात येत होते ना,
तिने चावला. देठ गेला.

चारदा वाचलं. कर्ता, कर्म, क्रियापद.
कुठेही काही अडत नव्हतं.

आतल्या खोलीत ऋजुता
तेच गाणं लावून गणितं सोडवत होती.
अरबी तिला शाळेपुरतं येतं,
तो एक शब्द मात्र नेमका जागेवर म्हणत होती,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
बाल्कनीत एसीचं पाणी ठिबकून
बादली काठोकाठ झालेली.
ओतायला उठलो.