सगळीकडे लाल

पिवळ्याला किती आयुष्य द्यायचं
हे ठरवायचा पगार मिळतो मला.
ओउलू नगरपालिका, तिसरा मजला,
खिडकीत हिवाळ्याला कंटाळलेली एक कुंडी.

लोकांना वाटतं, दिव्याला तीनच रंग.
चौथा कुणी शिकवत नाही:
इकडचा हिरवा मावळलेला, तिकडचा उगवायचा,
आणि मधे घटकाभर
चारी दिशांना लाल.
आमच्या तक्त्यात तो नुसता आकडा असतो.
जुन्या डांबर-गोदामापाशी होता
एक.

कायदा म्हणतो, पिवळा दिसला की थांबा,
थांबण्यात धोका नसेल तर.
त्या 'नसेल तर'मध्ये केवढी ऐसपैस जागा आहे!
ओंडक्यांनी भरलेला आख्खा ट्रक मावतो.

रेइमा हिएतालाचा मावला.
फेब्रुवारी, सकाळचे सव्वासात, म्हणजे मिट्ट काळोख,
उणे एकोणीस, रस्त्यावर काचेसारखा बर्फ.
वेग चाळीसचा, सेकंदाला अकरा मीटर.
ब्रेक दाबला असता तर मागचा जोड
उघड्या दारासारखा फिरला असता.
नाही दाबला त्याने.

चौक बावीस मीटर रुंद, गाडी पंचवीस लांब.
सत्तेचाळीस भागिले अकरा.
चौथीतलं पोरही सांगेल: चार, आणि वर थोडं.
आम्ही दिलं होतं एक.
उरलेल्या तिनांत
सायकलवर इंकेरी पाल्वा होती,
टोपी कानांवर ओढलेली,
खिशात शाळेच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या,
समोर तिच्या हक्काचा हिरवा.

ती वाचली.
डावा गुडघा नाही वाचला.

कोर्टात दोघंही बरोबर ठरली.
निकाल ऐकून रेइमा बाकावरच बसून राहिला,
हातमोजे घालत, काढत, पुन्हा घालत.
आकड्याला कुणी साक्षीला बोलावलं नाही.
मी मागच्या रांगेत होते.
तो आकडा माझ्या हस्ताक्षरातला होता,
अकरा वर्षांपूर्वीच्या,
शुक्रवारी दुपारी, बहुतेक घाईत.

मग मापाचं चाक घेऊन गेले चौकात.
बर्फ उकरून कडा शोधल्या.
कोपरा असा ऐसपैस गोलावलेला
की ट्रकला वाटावं, या, या, हळू कशाला होताय.
पाटीवर लिहिलं होतं 'सावकाश',
आणि रस्ता म्हणत होता 'हाण पुढे'.
दोघांत रस्त्याचंच ऐकतात माणसं.
मीही ऐकते, घरी जाताना, उशीर झाला की.

उन्हाळ्यात कोपरा आवळला,
मधे एक बेट घातलं, जेमतेम एक सायकल उभी राहील एवढं.
लाल केला साडेचार.
सभेत एक सदस्य कॅल्क्युलेटर घेऊनच आले:
साडेतीन सेकंद गुणिले इतक्या गाड्या
गुणिले वर्षाचे दिवस,
शहराचे किती तास वाया, मॅडम?
त्यांचा गुणाकार चुकला नव्हता.
न झालेल्या अपघाताचा रकाना
कुठल्याच तक्त्यात नसतो,
मी काय दाखवणार होते?

कधी कधी रात्री जाते तिथे.
चारी रस्ते रिकामे, तरी एक म्हातारा
लाल आहे म्हणून उभा, कुत्र्यासकट.
मग तो चौथा रंग येतो.
साडेचार सेकंद कुणाचाच हक्क नाही चौकावर,
भुरभुर हिम तेवढं आडवं जातं,
कुणाला न विचारता.
म्हातारा माझ्याकडे बघून मान हलवतो,
तक्रार आहे की नमस्कार, कळत नाही.

टेबलाच्या खणात एक पत्र आहे, ट्रकवाल्या संघटनेचं:
तुमचा तो दिवा आळशी आहे.
खाली सह्यांची रांग.
रेइमाची सही त्यात आहे का,
ते मी अजून बघितलेलं नाही.